त्या वेळी तुम्ही कुठे होतात?

२०१९च्या पावसाळ्यात पुण्यात आमच्या इमारतीशेजारी नव्या बांधकामाचा पाया खणायला घेतला होता. एका रात्री तिथं काहीतरी जड आदळलं. खिडकीच्या काचा थरथरल्या आणि भिंतीतली घरघर पायांपर्यंत आली. भानावर आले तेव्हा मी खाली पार्किंगमध्ये अनवाणी उभी होते. तिसऱ्या मजल्यावर माझी नऊ वर्षांची लेक एकटी झोपली होती. तिला न उचलता मी पळाले होते.

ती लाज मला मनोविकारतज्ज्ञांच्या दारात घेऊन गेली. खुर्चीत बसल्या बसल्या मी सुरू केलं : झोप लागत नाही, पहाटे चारच्या आसपास जाग येतेच, जाड भिंतींच्या वाड्यात, देवळाच्या गाभाऱ्यात पाय टाकवत नाही, लेकीवर उगाच ओरडते. डॉक्टरांनी शांतपणे थांबवलं. म्हणाल्या, "हे सगळं मी ऐकणार आहे. आधी एवढंच सांगा, काय घडलं होतं? आणि त्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हणाले, "३० सप्टेंबर १९९३. आज्जीच्या शेजारी."

मी शाळेत विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही. पण त्या दिवसापासून पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतरच्या ताणाच्या विकाराचं, निदान नेमकं कशाला लागू होतं, हे मी पुस्तकांतून आणि डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलं. जे कळलं ते माझ्याच घरातल्या माणसांमुळे कळलं, म्हणून त्यांच्यासकट लिहिते.

१. किती दुखलं, हा पहिला प्रश्न नसतो

आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून जवळ. आदल्या रात्री गणपती बोळवले होते, सगळं गाव दमून झोपलं होतं. १९९२ मध्येही जमीन हादरली होती. तेव्हा लोक काही दिवस अंगणात झोपले आणि मग घरात परतले. त्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या हात-दीड हात जाडीच्या भिंती आणि वरचं मातीचं माळवद एकदम खाली आलं. परिसरात जवळपास दहा हजार माणसं गेली. आमच्या घरातली दोन : आज्जी आणि सहा वर्षांचा धाकटा भाऊ. मी अकरा वर्षांची होते. एका खांबानं वरचं तुळवट अडवून धरलं, म्हणून कमरेपर्यंत गाडले जाऊनही मी वाचले.

पीटीएसडीचं निदान करताना डॉक्टर आधी घटना तपासतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या डीएसएम-५ या नियमावलीत त्यासाठी तीनच गोष्टी मोजल्या आहेत : मृत्यू, गंभीर इजा आणि लैंगिक हिंसा. त्या प्रत्यक्ष घडलेल्या असोत वा अगदी अंगावर येऊन ठेपलेल्या असोत. भूकंप, पूर, आग, रस्त्यावरचा अपघात, युद्ध, दंगल, बॉम्बस्फोट, खुनी हल्ला, बलात्कार, ओलीस ठेवलं जाणं, लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार हे सगळं यात येतं. त्यानंतर पाहतात, त्या घटनेच्या तुम्ही किती जवळ होतात. डॉक्टरांच्या त्या दोन साध्या प्रश्नांमध्ये हा अख्खा निकष होता.

२. अंगावर ओरखडा नसला तरी

दादा सोळा वर्षांचा होता. मिरवणुकीत लेझीम खेळून तो पोरांबरोबर मारुतीच्या देवळापुढच्या पारावर झोपला होता. त्याला काहीही लागलं नाही. मात्र पारावरून आमची गल्ली सरळ दिसायची. मला त्यानंच बाहेर काढलं. धाकट्यालाही त्यानंच काढलं.

पुढं कित्येक वर्षं लोक त्याला म्हणायचे, "तुला कुठं काय लागलं? तू तर बाहेरच होतास." तोही तसंच मानायचा. माझ्या कपाळावर व्रण आहे, आईचा पाय अधू झाला. त्याच्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यानं काही मागितलंही नाही. दुसऱ्याच्या बाबतीत अशी घटना समोर उभं राहून डोळ्यांनी पाहणं हा निकषातला वेगळा, स्वतंत्र मार्ग आहे. तो दुय्यम नाही. रेल्वेखाली माणूस आलेला पाहणारा मोटरमन आणि आईला होणारी मारहाण दाराआडून पाहणारं मूल याच मार्गानं आत येतात. दादा आजही लेझमीचा आवाज ऐकून रस्ता बदलतो.

३. जो गावात नव्हताच

आबा, म्हणजे माझे वडील, सोलापूरला गिरणीत होते. पहाटेचा हादरा सोलापुरातही जाणवला. लोक घराबाहेर आले, चहा प्याले, पाळीवर गेले. रेडिओवर किल्लारीचं नाव ऐकलं तसे आबा मिळेल त्या ट्रकनं निघाले. पोचले तेव्हा त्यांची आई आणि लेक दोघांनाही अग्नी दिलेला होता. त्यांनी पाहिलं काहीच नाही. त्यांना सांगितलं गेलं.

असं कळणंही निकषात बसतं, पण त्याला दोन अटी आहेत. माणूस अगदी जवळचं हवं, कुटुंबातलं किंवा जिवलग. आणि मृत्यू झाला असेल तर तो हिंसेनं किंवा अपघातानं आलेला हवा. आत्याचे यजमान मूत्रपिंडाच्या दुखण्यानं चार वर्षं झिजून गेले. आत्या अजून त्यांचं ताट मांडते. पण ते दुःख या निदानात येत नाही. वर्ष उलटूनही माणसाला उठू न देणाऱ्या शोकासाठी २०२२च्या सुधारित डीएसएममध्ये वेगळं निदान आलं आहे. मला हा भेद सुरुवातीला फार कोरडा वाटला. आता वाटतो तसा नाही, कारण आबांच्या आणि आत्याच्या रात्री मी जवळून पाहिल्या आहेत. आत्याला यजमान हवे असतात, त्यांच्या आठवणी ती हाताशी धरून बसते. आबा आठवणींपासून पळत असत. न पाहिलेली ती पहाट त्यांच्या डोळ्यांसमोर रोज नव्यानं उभी राहायची. एकदा मला म्हणाले, "मी तिथं असतो तर एकदाच बघितलं असतं."

४. मामाचे हात

हे मला सगळ्यात सविस्तर लिहायचं आहे.

मामाचं गाव बरंच लांब होतं. तिथं भिंतींना तडे गेले, पण कोणी दगावलं नाही. सकाळी दहाच्या सुमारास मामा बैलगाडी घेऊन आला आणि दहा दिवस परतला नाही. आमच्या घरचं आटोपल्यावर तो शेजारच्या घरी गेला, मग पुढच्या गल्लीत, मग पुढच्या गावात. लष्कराचे जवान आल्यावर त्यांच्याबरोबर ढिगारे उपसू लागला. पाऊस सुरू झाला होता. सरपण नव्हतं, म्हणून पडलेल्या घरांच्याच तुळया आणि दारं चितेला लावली जात होती. मामा आसपासच्या गावांतल्या माणसांना ओळखायचा, म्हणून ओळख पटवायला त्यालाच बोलवायचे. कोणाच्या हातातल्या पाटल्यांवरून, कोणाच्या गोंदणावरून. लहान मुलांना ओळखणं अवघड जायचं.

त्यानंतरचा मामा वेगळाच होता. जेवायला बसण्याआधी तो राखेनं हात घासायचा, परत घासायचा. शेतातली ओली माती उकरली की तिच्या वासानं त्याला उलटी व्हायची. शेतकऱ्याला मातीचा वास सोसवेना, यापरतं काय असावं? त्यानं जमीन बटाईनं दिली आणि बाटलीला जवळ केलं. लोक म्हणाले, चांगला माणूस दारूनं खाल्ला. त्याला विचारलं तर म्हणायचा, "मला काय झालंय? माझं घर उभं हाय, लेकरं जित्ती हायेत. मी कशाला रडू?"

डीएसएम-५ मध्ये चौथा मार्ग दिला आहे तो मामासारख्यांचाच. घटनेच्या भीषण तपशिलांशी पुन्हा पुन्हा किंवा अतोनात संबंध येणं. उदाहरण म्हणून मृतांचे अवशेष गोळा करणाऱ्या मदतकर्मींचा आणि मुलांवरच्या अत्याचाराचे तपशील वारंवार ऐकावे लागणाऱ्या पोलिसांचा उल्लेख त्यात आहे. ते वाचताना मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले. मामा २००४ मध्ये यकृताच्या दुखण्यानं गेला. त्याचं घर उभं होतं हे खरं. पण तो दहा दिवस कुठे होता, हे कोणी धरलंच नाही.

अग्निशमन दलातले जवान, १०८ रुग्णवाहिकेवरचे लोक, शवागारातले कर्मचारी, नदीत बुडालेल्यांना बाहेर काढणारे भोई या सगळ्यांना आपण धीट म्हणतो आणि तेवढ्यावर सोडून देतो. त्यांच्या घरच्यांनी तरी हा चौथा मार्ग लक्षात ठेवावा, असं मला कळकळीनं वाटतं.

५. टीव्हीवर पाहिलेलं

नाही, ते बसत नाही. २६ नोव्हेंबर २००८ला मुंबईवर हल्ला झाला आणि आपण सगळ्यांनी तीन दिवस डोळ्यांत तेल घालून टीव्ही पाहिला. झोप उडाली, भीती वाटली. तरीही पडद्यावरून, फोनवरून किंवा छायाचित्रांतून आलेला अनुभव डीएसएम-५ निदानासाठी धरत नाही. अपवाद एकच : ते पाहणं हे तुमचं काम असेल तर. अशा चित्रफिती तपासत बसणारा सायबर पोलीस यात बसतो.

६. माझं सगळ्यात वाईट वर्ष मोजलं गेलं नाही

२०१६ मध्ये माझा घटस्फोट झाला. मला कोणी मारलं नव्हतं. रोजचा तुटकपणा, खोटं बोलणं, शेवटी एक वकिली नोटीस. ते वर्ष मला किल्लारीपेक्षाही जड गेलं, असं मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "हे पीटीएसडीच्या घटनेत येत नाही."

मला राग आला. घरी येऊन रडले. माझं दुःख कोणी तराजूत टाकून परत केल्यासारखं वाटलं. पुढच्या भेटीत ते बोलूनही दाखवलं. त्यांनी सांगितलेलं इथं देते, कारण अनेकांची अडचण इथंच होते. घटस्फोट, नोकरी जाणं, कर्ज, परीक्षेतलं अपयश, जाहीर अपमान यांनी माणूस पूर्ण कोसळू शकतो. त्याला समायोजनाचा विकार होऊ शकतो, नैराश्य येऊ शकतं, जिवाला धोकाही निर्माण होऊ शकतो. त्यावर उपचार तितक्याच तातडीनं करायचे असतात, पण ते वेगळे असतात. जिवावर बेतलेल्या प्रसंगातून आलेली भीती मेंदूत ज्या तऱ्हेनं अडकते, तिच्यासाठी बेतलेला उपचार माझ्या लग्नाच्या दुःखाला उपयोगी पडला नसता. ताप कमी म्हणून मलेरियाची गोळी नाकारत नाहीत. मलेरिया नसला तर ती देत नाहीत.

मात्र लग्नातली प्रत्येक गोष्ट याच कप्प्यात टाकू नये. आमच्या शाळेतली एक सहकारी कायम म्हणायची, "साधी मारहाण होती हो, सगळ्यांच्या घरी असते तशी." एकदा बोलता बोलता तिनं सांगितलं की नवऱ्यानं दोनदा गळा दाबला होता. गळा दाबणं म्हणजे मृत्यूची धमकीच. ते निःसंशय निकषात बसतं. नवऱ्यानं केलेली लैंगिक बळजबरीही बसते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये अठरा वर्षांवरच्या पत्नीच्या बाबतीत नवऱ्याला बलात्काराच्या व्याख्येतून वगळलेलं आहे. वैद्यकीय निकषात असं कोणालाही वगळलेलं नाही. तिथं काय झालं एवढंच विचारतात, करणाऱ्याशी नातं काय ते विचारत नाहीत. मला हे वाचून फार आधार वाटला, आणि कायद्याचा संतापही आला.

७. आजारपणाचं काय

जीवघेणा आजार झाला एवढ्यावर निदान होत नाही. घटना अचानक आणि भयंकर हवी : शस्त्रक्रिया चालू असताना जाग येणं, औषधाच्या तीव्र ॲलर्जीनं श्वास बंद होणं. हळूहळू कळत गेलेलं दुखणं सहसा यात धरत नाहीत. पोटच्या मुलावर असा वैद्यकीय प्रसंग ओढवलेला समोर पाहणंही बसतं.

८. व्याख्याही माणसांकडून शिकत आली आहे

पीटीएसडी हे नाव डीएसएममध्ये १९८० साली आलं. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल त्यामागे होते. तेव्हा अट होती की घटना नेहमीच्या मानवी अनुभवापलीकडची हवी. मग बायकांवरचे अत्याचार, रस्त्यावरचे अपघात हे नेहमीचंच आहे त्याचं काय, असा प्रश्न उभा राहिला. १९९४च्या आवृत्तीत ती अट गेली. तिच्याजागी दुसरी आली : त्या क्षणी माणसाला तीव्र भीती, असहायता किंवा थरकाप वाटलेला असावा. २०१३ मध्ये तीही काढून टाकली.

ही दुसरी अट काढली नसती तर दादा निदानात बसलाच नसता. त्याला त्या पहाटे काहीच वाटलं नव्हतं. तो स्वतः सांगतो, "मी दगड मोजत होतो. एवढे काढले, एवढे राहिले." भीती नाही, रडू नाही. सैनिक, जवान, परिचारिका यांच्याकडूनही असंच ऐकायला मिळतं. हात कामाला लागतात आणि मन कुठंतरी बाजूला जाऊन बसतं. न घाबरलेल्या माणसाला काही झालं नाही, असं आपण गृहीत धरतो. ते चुकीचं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही वर्गवारी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात घटनांची अशी काटेकोर यादी नाही. अत्यंत धोक्याची किंवा भीषण घटना, किंवा अशा घटनांची मालिका, एवढंच म्हटलं आहे. ज्यातून सुटका अवघड अशा, वर्षानुवर्षं चाललेल्या छळासाठी त्यात कॉम्प्लेक्स पीटीएसडी हे वेगळं निदानही आहे. माझ्या त्या सहकारी मैत्रिणीला पुढं तेच मिळालं.

९. घटना घडली म्हणजे आजार झाला, असं नव्हे

शेजारच्या काकूंची तीन माणसं गेली. पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी महिन्याभरात सगळ्या गल्लीचा स्वयंपाक अंगावर घेतला. रडायच्या, थांबायच्या, परत भाकरी थापायच्या. त्यांना पीटीएसडी झाला नाही. भीषण घटनेतून गेलेल्या बहुतेकांना तो होत नाही. काकूंना कोणी निष्ठुर म्हणू नये आणि आम्हाला कोणी कच्चं म्हणू नये.

निदानासाठी घटनेच्या पुढं लक्षणंही लागतात. प्रसंग स्वप्नांतून, जागेपणी पुन्हा घडणं. त्याची आठवण देणाऱ्या जागा, आवाज, माणसं टाळणं. स्वतःला दोष देणं, आनंद न वाटणं, जवळच्यांपासून तुटल्यासारखं होणं. सतत सावध राहणं, दचकणं, झोप उडणं. आणि हे सगळं एक महिन्याहून जास्त टिकून रोजच्या जगण्याला अडवायला लागलेलं हवं. पहिल्या महिन्यातल्या अशा त्रासाला तीव्र ताणाचा विकार म्हणतात आणि अनेकांचा तो आपोआप ओसरतो. काहींच्या बाबतीत पूर्ण चित्र सहा महिन्यांनंतर कधीतरी उभं राहतं. माझं तसंच झालं. तुकडे सगळे होते. दाराजवळची खाट, उशाशी बॅटरी, रात्रीही पायात चप्पल. मी त्याला सवय म्हणत होते.

१०. जाताना काय सांगावं

जन्मापासूनचा इतिहास लागत नाही. तारीख, जागा, काय घडलं, तुम्ही कुठे होतात, एवढं दोन-तीन वाक्यांत पुरतं. तपशील पहिल्याच दिवशी सांगायचं बंधन नाही. जायला जमत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तो फुकट आहे आणि मराठीतही बोलतात.

माझ्या उपचारात गोळ्या होत्या आणि बोलणं होतं. डोळे मिटून ती पहाट वर्तमानकाळात सांगायची, ते ध्वनिमुद्रित करायचं आणि घरी रोज ऐकायचं. पहिल्या आठवड्यात सोडून द्यावंसं वाटलं. बाराव्या भेटीपर्यंत ती पहाट संपू लागली. म्हणजे तिला शेवट आला. आधी ती नुसती सुरू व्हायची.

गेल्या ३० सप्टेंबरला लेकीला घेऊन गावी गेले. जुन्या गावठाणात बाभळी वाढल्या आहेत, पार मात्र तसाच आहे. दादा आम्हाला सोडायला आला आणि नेहमीसारखा गाडीतच बसून राहिला. लेक उतरून पारावर जाऊन बसली. थोड्या वेळानं तिनं तिथूनच हाक मारली, "मामा, त्या वेळी तू नेमका कुठे होतास?"

दादानं गाडीची चावी काढली. पाराच्या उगवतीच्या कोपऱ्यापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "इथं. डोक्याशी लेझीम होती, आणि तोंड आपल्या गल्लीकडं होतं."